सनमायका शेवटी निवडा

वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर किंवा मानोरा, कुठेही नवं घर उभं राहिलं की फर्निचरचा विषय एकाच ठिकाणाहून सुरू होतो, तो म्हणजे सनमायकाच्या फोल्डरपासून. दुकानदार फोल्डर उघडतो, सगळं घर त्याभोवती गोळा होतं आणि एक मिलिमीटर जाडीच्या त्या तुकड्यांवर अख्खी दुपार जाते. त्या सनमायकाच्या मागे प्लाय कोणता लागणार, कपाट भिंतीला कसं टेकणार, ओट्याखाली सिंक गळलं तर काय होणार, हे प्रश्न ‘चांगलंच वापरू’ एवढ्या आश्वासनावर मिटतात. खरं तर दहा वर्षांनी कपाट उभं असेल की खालून भुसभुशीत झालेलं असेल, ते याच न विचारलेल्या प्रश्नांवर ठरतं. मापानुसार करून घेतलेलं फर्निचर हा घरबांधणीनंतरचा बहुधा सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो आपण उलट्या क्रमाने करतो. म्हणून या लेखात जमीन, भिंत आणि पाणी आधी येतात. त्यानंतर लाकूड, मग माणसं आणि करार. रंगाबद्दल फारसं काही नाही.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना या प्रश्नांची गरज नव्हती, कारण साठवणीची सोय घराच्या अंगातच होती. जाड भिंतीत कोनाडे, फडताळं आणि देवळ्या, वर माळा, माजघरात उतरंड, धान्यासाठी कणगी किंवा जमिनीतलं पेव. कपडेलत्ते पेटीत किंवा संदुकीत. गावचा सुतार औत, वखर, तिफण आणि बैलगाडीची चाकं करायचा, घरात त्याचं काम चौकटी, दारं आणि फार तर देव्हाऱ्यापर्यंत. त्याला मिळायचं तेही बलुतं, धान्याच्या रूपात. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत ‘गोदरेजचं कपाट’ लग्नाच्या यादीत जाऊन बसलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केलेलं फर्निचर आपल्याकडे आलं ते प्लायवुड, फेविकॉल आणि विजेची कटर हे तिन्ही तालुक्याच्या गावात सहज मिळू लागल्यावर.

‘मॉड्युलर किचन’ म्हणून जे विकलं जातं, त्याचं मूळ मात्र जर्मनीत आहे. ऑस्ट्रियाच्या वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाई किती पावलं चालते, हात कुठवर पोचतो, याची मोजमापं घेऊन त्यांनी ओटा, कप्पे आणि खण ठरवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यांत पिठाचे खण ओकच्या लाकडाचे होते, कारण त्या लाकडाने पिठातली कीड दूर राहते असा अनुभव होता. म्हणजे कुठल्या घरात काय साठवतात हे आधी पाहिलं आणि लाकूड त्यानंतर निवडलं. आज शोरूममध्ये उभं राहिल्यावर हीच गोष्ट हरवलेली दिसते.

आता आपली जमीन. वाशिम जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल तर घरही तिच्याबरोबर किंचित हलतं. दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात त्या यामुळे. अशा भिंतीला छतापर्यंत घट्ट ठोकून बसवलेलं कपाट एकदोन पावसाळ्यांत वाकडं दिसू लागतं, दारं एकमेकांना घासतात आणि दोष मिस्त्रीला लागतो. यावर दोन उपाय आहेत. एक, कपाटाचा सांगाडा स्वतःच्या पायावर उभा राहील असा करायचा, भिंतीला फक्त आधारापुरता धरायचा आणि भिंत नि कपाट यांच्यामधली फट झाकायला वेगळी पट्टी लावायची. दोन, बिजागरी अशी घ्यायची की तिच्या स्क्रूने दार वरखाली, डावीउजवीकडे आणि आतबाहेर सरकवता येईल. अशी बिजागरी थोडी महाग पडते. काळ्या मातीवरच्या घरात तो पैसा वसूल होतो, कारण दर दिवाळीला स्क्रूड्रायव्हर घेऊन दारं ओळीत आणता येतात.

वाळवी याच मातीतून वर येते. भिंतीची भेग, पाइपसाठी पाडलेलं भोक, फरशी आणि भिंत यांच्यातला सांधा अशा जागांतून मातीच्या बारीक नळ्या करत ती लाकडापर्यंत पोचते. घर बांधतानाच जोत्याच्या भरावावर औषध मारून घेणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक असतं. भारतीय मानक ब्युरोचं त्यासाठी आयएस ६३१३ हे स्वतंत्र मानक आहे. ते राहून गेलं असेल तर फर्निचर सुरू होण्याआधी भिंतीच्या कडेने फरशीला ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध भरता येतं. कपाट बसल्यावर मात्र तिथे हात पोचत नाही. ज्या घराच्या मागच्या खोलीत एकदा तरी वाळवी निघाली आहे, तिथे हा खर्च टाळून महागडा प्लाय आणणं मला पटत नाही. वाळवीला प्लायची किंमत कळत नाही.

तिसरी गोष्ट ओल. नवीन गिलावा वरून कोरडा दिसला तरी आतून बरेच महिने ओलसर राहतो. आपल्याकडे गृहप्रवेशाची तिथी आधी ठरते, बहुतेकदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास, आणि मग गिलावा, रंग आणि फर्निचर एकमेकांच्या पाठीवर उरकले जातात. त्या ओल्या भिंतीला सहा मिलिमीटरची पाठ चिकटून बसते. पावसाळा आला की कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, पाठीवर काळी बुरशी दिसते. वास्तुशांती करा, पूजा करा, पण बेडरूमचं कपाट दोन महिन्यांनी झालं तर काही बिघडत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तर कपाट न घेणंच बरं. घ्यावंच लागलं तर भिंत आणि पाठ यांत इंचभर मोकळी जागा हवी.

आता प्लाय. या विषयात गोंधळ सर्वांत जास्त आहे आणि फसवणूकही. देशातला बराचसा प्लाय हरियाणातल्या यमुनानगर भागातून येतो, तिथल्या शेतात लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीपासून तयार झालेला. केरळात पेरुंबावूरचा पट्टा रबराच्या लाकडावर चालतो. ईशान्येकडच्या जंगलांच्या लाकडावर चालणारा जुना उद्योग सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर आवरला गेला आणि शेतातल्या लाकडाकडे वळला. ‘पूर्ण गर्जन’, म्हणजे सगळे थर गर्जन या जंगली लाकडाचे, असं सांगून दिलेल्या शीटमध्ये वरचा पातळ थर तेवढा गर्जनचा आणि आतले थर दुसऱ्याच लाकडाचे असू शकतात, हे म्हणून लक्षात ठेवायचं. शेतातलं लाकूड वाईट असं नाही. सांगितलेलं आणि दिलेलं एकच आहे का, एवढाच मुद्दा.

दर्जा ओळखायला मानकांचे आकडे पाठ करायची गरज नाही, पण तीन नावं माहीत हवीत. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. एमआर, म्हणजे दमट हवेला तोंड देणारा, आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा. आयएस ७१० हा मरीन प्लाय. त्यांच्यातला फरक चाचणीत दिसतो. एमआरचा तुकडा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन तास ठेवतात. बीडब्ल्यूआरचा तुकडा आठ तास उकळतात. मरीनचा बहात्तर तास. शिवाय मरीनच्या थरांवर कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करणं मानकाने आवश्यक ठरवलं आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून प्लायवुडवर आयएसआय चिन्ह टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याला कोणत्या मालासाठी परवाना आहे, ते लगेच दिसतं. दुकानात उभं राहून हे करायला संकोचू नये. चांगला दुकानदार स्वतःच क्रमांक दाखवतो.

चिन्ह पाहून झाल्यावर डोळ्यांनी आणि हातांनीही पाहा. शीट उभी करून तिची कड पाहा. थरांमध्ये फट, दुमडलेला थर किंवा भरलेली पुटी दिसली तर ती शीट बाजूला ठेवा. लांबीच्या दिशेने डोळा लावून वाक आहे का ते बघा. पृष्ठभागावर नाण्याने टकटक करत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर आत रिकामी जागा आहे. वजनही बोलतं. आठ बाय चार फुटांची अठरा मिलिमीटर शीट चांगल्या घट्ट लाकडाची असेल तर साधारण ३२ ते ३७ किलो भरते. तिच्याहून बरीच हलकी शीट ‘मरीन’ म्हणून दिली जात असेल तर कारण विचारा. मन निश्चिंत होत नसेल तर दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून आणा आणि घरच्या गंजात पाणी घालून दिवसभर उकळत ठेवा. बीडब्ल्यूआरला आठ तासांत काही होता कामा नये. थर सुटून आले तर तुमचे हजारो रुपये वाचले.

सगळीकडे मरीन लावायची मात्र गरज नसते आणि इथेच पैसा वाचतो. ओट्याखाली, सिंकभोवती, बाथरूमच्या कपाटात मरीन. स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटांना आणि बेडरूमच्या वॉर्डरोबला बीडब्ल्यूआर पुरतो. कोरड्या खोलीतल्या टीव्हीच्या युनिटला एमआरही चालतो. पार्टिकल बोर्ड, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘भुसा बोर्ड’ म्हणतात, तो पाणी लागलं की फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू परत त्याच भोकात धरत नाही. एमडीएफ गुळगुळीत असतो, रंगकामाला आणि कोरीव दारांना छान, पण ओल त्यालाही सोसत नाही. एचडीएचएमआर नावाने मिळणारा दाट बोर्ड दोन्हींपेक्षा बराच सरस आहे. दारांसाठी तो घ्यायला हरकत नाही, कारण तो प्लायपेक्षा कमी वाकतो. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीच्या बोर्डाला ना पाणी लागत ना वाळवी, पण लांब कप्प्याला तो मध्ये झोळ देतो आणि शेगडीच्या उष्णतेजवळ टिकत नाही.

मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते या सगळ्याहून साधं आहे. आपल्या भागात ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून घ्यायची पद्धत गवंड्यांच्या हातात पक्की बसलेली आहे. त्या दगडी सांगाड्याला समोरून फक्त चौकट आणि दारं प्लायची किंवा ॲल्युमिनियमची लावायची. सिंक गळलं तर फडक्याने पुसायचं. वाळवीला आत खायला काही नाही. पन्नास किलोचा डबा ठेवला तरी कप्पा वाकत नाही. दार खराब झालं तर तेवढंच बदलायचं. शोरूममध्ये हा पर्याय कोणी दाखवणार नाही, कारण त्यात प्लाय कमी खपतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान असतं. तेवढ्या घरात लाकडी मॉड्युलर किचन परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. पण मोठ्या बंगल्यातही खालचा भाग कडप्प्याचा आणि वरचा प्लायचा, ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कप्प्यांची रुंदी ट्रॉलीच्या मापाने आधीच ठरवली तर कडप्प्याच्या सांगाड्यात स्टीलच्या ट्रॉल्याही बसतात. ते ठरवण्यासाठी सुतार आणि गवंडी एकाच दिवशी घरी बोलवावे लागतात, एवढंच.

सागवानाचा मोह वेगळा आहे. विदर्भ-मध्य प्रदेशातल्या सागाला व्यापारी आजही ‘सीपी टीक’ म्हणतात. ‘सीपी’ म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत, ज्याला वऱ्हाड १९०३ मध्ये जोडला गेला. मेळघाटच्या सागाची बाजारपेठ परतवाड्याला, तर चंद्रपूर-गडचिरोलीचा माल बल्लारशाहच्या डेपोत येतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते याच चंद्रपूर पट्ट्यातून. दुकानात ‘बर्मा टीक’ म्हणून जास्त दर सांगितला तर कागद मागा. म्यानमारने २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केलेली आहे, त्यामुळे त्या नावाने विकला जाणारा सगळाच माल तिथला नसतो.

अनेकांच्या धुऱ्यावर स्वतःचे साग उभे आहेत आणि ‘घरचं लाकूड’ वापरायची इच्छा असते. ती चांगलीच आहे, पण तीन गोष्टी आधी करा. साग हा महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्यात अनुसूचित वृक्ष आहे, म्हणून स्वतःच्या शेतातलाही तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो. परवाना नसताना ट्रॉली भरली तर लाकूडही जातं आणि ट्रॅक्टरही अडकतो. दुसरं, झाडाचं वय. कोवळ्या सागात बाहेरचा पांढुरका भाग जास्त असतो आणि वाळवी, भुंगा त्यालाच धरतात. आतला तपकिरी गाभा टिकतो. तिसरं, वाळवण. आरागिरणीवर फळ्या काढल्यावर त्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचायच्या. हवेवर वाळायला इंचभर जाडीमागे साधारण वर्ष धरतात. लग्नाच्या घाईत हिरव्या सागाचं दार केलं की ते पहिल्याच मे महिन्यात, पारा चाळिशी पार करतो तेव्हा, पिळतं. त्यापेक्षा जुना वाडा पाडला जात असेल तर त्याच्या तुळया आणि खण घ्या. कित्येक दशकं वाळलेलं ते लाकूड आता हलायचं नाही. गिरणीवर नेण्याआधी खिळे शोधून काढा, नाहीतर आऱ्याचं पातं तुटतं आणि भरपाई तुमच्याकडून घेतली जाते. कपाटाचा सांगाडा सागवानाचा करण्यात अर्थ नाही. चौकटी, दारांच्या कडा, देव्हारा आणि जेवणाचं टेबल इथे साग शोभतो आणि टिकतो.

कपाटात काय ठेवायचं, याचा विचार तर सर्वांत मागे पडतो. कॅटलॉगमधल्या स्वयंपाकघरात काटे-चमच्यांचे ट्रे असतात, बाटल्यांची अरुंद ट्रॉली असते. आपल्या घरात काय असतं? वर्षाचा गहू, ज्वारी आणि घरची तूरडाळ. तेलाचा पंधरा किलोचा डबा. उन्हाळ्यात केलेली तिखट-हळद, कुरडया-पापडांचे डबे, लोणच्याची बरणी. मोठे गंज, पराती, पुरणाचं यंत्र. महालक्ष्म्यांचे मुखवटे, त्यांच्या पत्र्याच्या कोठ्या, साड्या आणि दागिने, जे वर्षातून तीनच दिवस बाहेर निघतात. मापाने फर्निचर करून घ्यायचं खरं कारण हेच आहे. नाहीतर तयार कपाट स्वस्त पडतं. म्हणून काम सुरू होण्याआधी घरातली सगळी भांडी आणि डबे एका खोलीत मांडा आणि मिस्त्रीला टेप घेऊन बोलवा. धान्याची कोठी चॅनलवर सरकणाऱ्या ट्रॉलीत ठेवू नका. नेहमीचं टेलिस्कोपिक चॅनल ३५ ते ४५ किलोपर्यंतच वजन पेलतं. कोठीसाठी तळ नसलेला कप्पा ठेवा, ती थेट फरशीवर चार इंचांच्या स्टँडवर बसेल आणि दार उघडून ओढता येईल. महालक्ष्म्यांच्या सामानासाठी देवघराखाली बंद खण ठेवला तर दरवर्षी माळ्यावर शिडी लावायची वेळ येत नाही.

ओट्याची उंची ठरवताना रोज जी स्वयंपाक करते तिला उभं करा. कोपर वाकवून जमिनीपासून त्याची उंची मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३३ इंच येतात. छापील मापाचा ३६ इंचांचा ओटा तिला खांदेदुखी देईल. हे माप गवंड्याला सांगायचं असतं, सुताराला नाही, म्हणून ते घर बांधतानाच घ्यावं. वरची कपाटं ओट्यापासून दोन फुटांवर आणि बारा ते चौदा इंच खोल असावीत, म्हणजे डोकं आपटत नाही. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोकं हवीतच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाल्यावर खाली साचतो. बंद, देखण्या कपाटातला सिलिंडर मला प्रत्येक नव्या घरात दिसतो आणि तो बदला म्हणून मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही तसंच, चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, म्हणून ती बंद कपाटात कोंडू नये.

हिशेब. फर्निचरचा दर चौरस फुटावर सांगितला जातो आणि तो चौरस फूट समोरून मोजलेला असतो. सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असा वॉर्डरोब घ्या. समोरून तो ४२ चौरस फूट. आता प्लाय मोजू. दोन बाजू आणि मधली एक उभी फळी, प्रत्येकी १४, म्हणजे ४२. वरची आणि खालची फळी प्रत्येकी १२, म्हणजे २४. सहा कप्पे, प्रत्येकी तीन फूट बाय पावणेदोन फूट, म्हणजे साडेएकतीस. दारं ४२. एकूण जवळपास १४० चौरस फूट. एक शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे नुसत्या क्षेत्रफळाने पाच शीट, पण कटाईत वाया जाणारे तुकडे धरून सहा. मागच्या पाठीचे ४२ फूट सहा मिलिमीटर प्लायचे वेगळे आणि ड्रॉवर केले तर अठराचा प्लाय थोडा जादा. हे गणित हातात असलं की दोन दरांतला फरक कशातून आला ते कळतं. ज्याने चौरस फुटामागे दोनशे रुपये कमी सांगितले, तो बहुतेकदा कप्पे बारा मिलिमीटरचे करणार असतो, पाठ लावणार नसतो किंवा आतून सनमायकाऐवजी रंग मारणार असतो. त्यात गैर काही नाही, पण ते कागदावर आलं पाहिजे.

काम कोणाला द्यायचं? गावातला मिस्त्री जवळ असतो, पाच वर्षांनी बिजागरी सैल झाली तर फोनवर येतो आणि त्याच्या कामाची दहा घरं तुम्हाला चालत जाऊन पाहता येतात. राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांच्या टोळ्यांचा हात सफाईदार आणि वेग जास्त, पण काम संपल्यावर त्या पुढच्या शहरात असतात. कारखान्यात कापून आणलेलं मॉड्युलर फर्निचर नागपूर-अमरावतीहून येतं. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगावच्या परिसरातून गेल्यापासून ते आणणं सोपं झालं आहे. मशीनने लावलेली कडेची पट्टी हाताने लावलेल्या पट्टीपेक्षा निश्चित सरस असते. त्यात कमी पडते ती दुरुस्ती, कारण एक फळी फुगली तर ती त्याच कारखान्यातून यावी लागते. बदलीच्या नोकरीतल्यांनी, शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाल्यांनी भिंतीला ठोकलेलं काहीही करू नये. त्यांना पोलादी कपाट आणि स्क्रूने उघडून नेता येणारं फर्निचरच बरं.

गावातल्या मिस्त्रीला काम देणाऱ्यांनी एक व्यवहार समजून घ्यावा. दुकानदार मिस्त्रीला मालावर कमिशन देतात, ही या धंद्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत आहे. माल त्याने सुचवलेल्या दुकानातून घ्या, पण बिल तुमच्या नावावर, कंपनी, दर्जा, जाडी आणि नग लिहिलेलं, जीएसटीसह घ्या. कर वाचवायला कच्चं बिल घेतलं तर शीट फुगल्यावर कंपनीची हमी मागता येत नाही. मजुरी मात्र घासाघीस करून पाडू नका. फेविकॉलची फर्निचरची पुस्तकं घेऊन येणाऱ्या मिस्त्रीला चित्रासारखं काम हवं म्हणायचं आणि दर बाजारातला सर्वांत कमी द्यायचा, यातून त्याला कुठेतरी हात आखडावाच लागतो. आणि तो आखडतो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. फेविकॉल पातळ होतो, स्क्रूच्या जागी खिळा येतो.

करार एका पानाचा पुरतो. प्रत्येक नगाचं माप आणि हाताने काढलेलं का होईना, चित्र. सांगाडा, कप्पे, दार आणि पाठ यांच्या प्लायची कंपनी, दर्जा, जाडी. आतल्या सनमायकाची जाडी. बिजागरी, चॅनल, कुलुपं आणि हँडल यांची नावं आणि नग. ट्रॉल्या स्टीलच्या असतील तर ३०४ दर्जाच्या, कारण २०२ चं स्टील ओलाव्यात डागाळतं. उरलेले तुकडे कोणाचे, तेही लिहा. पैसे टप्प्याने द्यायचे, सांगाडा उभा राहिल्यावर, दारं लागल्यावर, आणि शेवटचा हप्ता सगळी दारं-खण उघडून-मिटून पाहिल्यानंतर.

वाद झालाच तर रस्ता आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली मिस्त्रीचं किंवा कंपनीचं काम ही सेवा धरली जाते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि दोष निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पण आयोगापुढे बोलतो तो कागद. कराराचं पान, बिलं आणि काम चालू असताना काढलेले फोटो, विशेषतः शीटवरचं आयएसआय चिन्ह सनमायकाखाली झाकलं जाण्याआधीचा फोटो.

कामाला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी असते आणि भिंतीही. श्रावणात पॉलिश करू नका. हवेतला दमटपणा पॉलिशमध्ये अडकून पांढरट डाग येतात. काम संपल्यावर पंधरा दिवस कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे गोंदाचा उग्र वास जाईल. आणि मिस्त्री सामान आवरायला लागला की त्याच्याकडून प्रत्येक सनमायकाचा फूटभर तुकडा मागून घ्या, मागे कंपनीचं नाव आणि डिझाइन नंबर पेनाने लिहा, सोबत दोन जादा बिजागऱ्या आणि एक चॅनलची जोडी ठेवा. सनमायकाची डिझाइनं दोन-तीन वर्षांत बाजारातून निघून जातात आणि एक दार बदलायची वेळ आली की त्या तुकड्याशिवाय जुळणी करता येत नाही.